मैत्रिणींसाठी गोधड्या: माप, कापड, जोडणी आणि मागच्या बाजूच्या चुण्या

प्रश्न: नागपुरात राहते. घरी मोटर लावलेली साधी शिवणमशीन आहे. या हिवाळ्याआधी तीन मैत्रिणींसाठी गोधड्या शिवायच्या आहेत. एकीकडे बाळ येणार आहे, दुसरीने कॉलेजपासून जपलेले बारा टी-शर्ट दिलेत, तिसरीने तिच्या दिवंगत आईच्या साड्या दिल्यात. कापड किती लागेल, आत काय घालू, नक्षी कशी ठरवू? आधी एक शिवून पाहिली. तिच्या मागच्या बाजूला चुण्या पडल्या आणि धुतल्यावर लाल रंग पांढऱ्यावर उतरला.

उत्तर:

तिन्ही गोधड्यांचे कापड, आतले थर आणि टाके वेगवेगळे होतील, पण सुरुवात तिन्हींची एकाच प्रश्नाने करा: ही गोधडी तिच्या घरी कशी धुतली जाईल? हौसेने शिवून दिलेली गोधडी कपाटात पडून राहते ती बहुधा दोन कारणांनी. एक तर ती पलंगाला पुरत नाही, नाहीतर ती धुवायची भीती वाटते. म्हणून नाव, रंग, फुले यांच्या आधी मैत्रिणीकडून चार गोष्टी विचारून घ्या. गादीचे टेपने घेतलेले माप, धुणे हाताने की मशीनमध्ये, खोलीत कूलर की एसी, आणि गोधडी पांघरायची की अंथरायची. व्यक्तिगतपणा खरा इथून सुरू होतो. कोपऱ्यात भरलेले नाव हा त्याचा शेवटचा भाग.

नागपूरच्या हवेचा विचार इथेच करा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० अंशांच्या खाली उतरतो. कापूस भरलेली जाड रजई इथे जेमतेम काही आठवडे लागते. पातळ गोधडी मात्र थंडीत ब्लँकेटखाली, उन्हाळ्यात एसीत आणि पावसाळ्यात एकटी, अशी वर्षभर चालते. सिंगल पलंगाची कोरडी गोधडी सव्वा ते दीड किलोच्या आत ठेवा. भिजल्यावर तिचे वजन दुपटीहून जास्त होते. त्याहून जड गोधडी घरच्या मशीनमध्ये नीट फिरत नाही आणि हाताने पिळता येत नाही.

कापड: आधी परीक्षा, मग कात्री

नवे कापड घ्यायचे तर गांधीबाग-इतवारीतल्या कापडबाजारात एकाच फेरीत, एकाच ताक्यावरून सगळे घ्या. तोच रंग दुसऱ्या ताक्यात किंचित वेगळा निघतो आणि शेजारी-शेजारी लावला की तो फरक ओरडून दिसतो. वरच्या बाजूला केंब्रिक किंवा सुती पॉपलिन उत्तम. ब्लाउजची टू बाय टू रुबियाही चालते, पण ती पातळ असल्याने आतल्या गडद शिवणी वर दिसतात. टेरीकॉट टाळा. ते आटत नाही आणि शेजारचे सुती कापड आटते, त्यामुळे दोन धुण्यांत चौकोन फुगल्यासारखे दिसू लागतात. दुकानदार सुती म्हणाला तरी कडेचा एक धागा काढून जाळून बघा. सुताची राख बोटांत चुरडते आणि जळलेल्या कागदासारखा वास येतो. पॉलिस्टर मिसळलेले असेल तर टोकाला कडक मणी तयार होतो.

सगळे सुती कापड कापण्याआधी धुवा. नवे सूत पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटते. म्हणजे ९० इंचांच्या लांबीत तीन ते साडेचार इंच जातात. तुमच्या गोधडीच्या चुण्यांमागे हेही एक कारण असू शकते. वर जुन्या साड्या असतील, तर त्या आधीच आटलेल्या. खाली नवे कोरे अस्तर असेल, तर ते नंतर आटले.

लाल रंगाचे सांगते. लाल, मरून, गडद निळा, काळा आणि गडद जांभळा यांतला प्रत्येक तुकडा वेगळा तपासा. काचेच्या वाडग्यात कोमट पाणी, चिमूटभर डिटर्जंट, त्यात कापडाचा कोपरा आणि एक पांढरा सुती तुकडा अर्धा तास ठेवा. पाणी रंगले पण पांढरा तुकडा पांढराच राहिला, तर कापड दोन-तीनदा धुऊन वापरता येते. पांढऱ्यावर रंग चढला, तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि परत तपासा. चार धुण्यांनंतरही चढत असेल तर ते कापड या गोधडीत नको. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असे घरोघरी सांगतात, पण आजच्या तयार कापडाच्या बाबतीत त्याचा भरवसा धरू नका. त्याने सुटा रंग कापडाला बांधला जात नाही.

जिच्यावर रंग उतरला ती पहिली गोधडी अजून वाचू शकते. ती सुती असेल, तर मोठ्या टबात भरपूर गरम पाणी आणि नेहमीपेक्षा थोडे जास्त डिटर्जंट घेऊन पूर्ण बुडवा, रात्रभर ठेवा, पाणी बदला, परत ठेवा. पाणी भरपूर हवे, कारण सुटलेला रंग थोड्या पाण्यात परत कापडावरच बसतो. डाग निघेपर्यंत गोधडी उन्हात वाळवू नका आणि तिच्यावर इस्त्री फिरवू नका, नाहीतर डाग काढणे अवघड होते.

जुन्या साडीची परीक्षा वेगळी. ती खिडकीसमोर धरा. जिथे विण विरळ होऊन उजेड जास्त येतो, तो भाग बाजूला काढा. मग दोन अंगठे शेजारी ठेवून कापड आडवे आणि उभे ताणा. चर्र असा बारीक आवाज आला तर ते कापड वरच्या थरासाठी गेले. घडीची रेघ आणि निऱ्या खोचायची जागा या दोन ठिकाणी साडी सर्वांत आधी विरते. पायाजवळचा घेर फॉलमुळे टिकलेला असतो, पण फॉल उसवल्यावर तिथे रंगाचा पट्टा वेगळा निघतो. तो पट्टा मधोमध येऊ देऊ नका.

आत काय घालायचे

गादीवाल्याकडून पिंजून आणलेला कापूस हा सर्वांत ऊबदार, पण धुण्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक पर्याय. तो एक-दीड इंचाच्या टाक्यांनी बांधला नाही तर पहिल्या धुण्यात गोळे होतात. मशीनमध्ये धुतल्या जाणाऱ्या गोधडीत तो घालू नका. पॉलिस्टरची फुगीर शीट स्वस्त आणि हलकी असते, पण ती घाम शोषत नाही आणि तिचे तंतू पातळ कापडातून वर येऊन बोंडे धरतात. नागपूरच्या हवेला दोनच गोष्टी मनापासून सुचवते: सुती शीट, चौरस मीटरला १०० ते १२० ग्रॅमची, नाहीतर जुन्या सुती साड्यांचे एक-दोन थर. वाकळ शिवायची आपली जुनी रीत हीच आहे आणि ती या हवेत पारखून घेतलेली आहे. कोष्ट्यांनी मागावर विणलेले, वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले सुती लुगडे आतल्या थराला मिळाले, तर त्याहून चांगले काही विकत मिळत नाही.

आतल्या थरासाठी साडीचे काठ कापून काढा. काठ जाड असतो, सुईला अडतो आणि गोधडीत मधेच कडक रेघ राहते.

हिशेब

सिंगल पलंगाची ६० बाय ९० इंचांची गोधडी धरू. भोवती ३ इंचांची किनार, मध्ये ५४ बाय ८४ चे अंग. ६ इंचांचे चौकोन घेतले तर आडवे ९, उभे १४, एकूण १२६. प्रत्येक बाजूला पाव इंच माया (शिवणीत जाणारे कापड), म्हणून कापायचा चौकोन ६.५ इंच. ४४ इंच पन्न्याच्या कापडाची धुतल्यावर आणि कडा सोडून ४२ इंच वापरता येतात. एका पट्टीत ६ चौकोन, एका मीटरमध्ये निर्धास्तपणे ५ पट्ट्या, म्हणजे ३०. सगळे कापड नवे घेतले तर चौकोनांना सव्वाचार मीटर लागेल, साडेचार घ्या. किनारीला पाऊण मीटर वेगळे. पुरुषाच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टातून असे १५ ते १८ चौकोन निघतात, त्यातले अर्धे पाठीतून.

अस्तर चारी बाजूंनी ४ इंच मोठे हवे: ६८ बाय ९८. ४४ पन्न्याच्या ९८ इंची दोन लांब्या जोडाव्या लागतात. आटणे धरून सव्वापाच मीटर घ्या. जोड बरोबर मधोमध आणू नका, घडी नेहमी तिथेच पडते आणि जोड लवकर झिजतो. गोल साडी अस्तराला वापरायची असेल तर पूर्ण लांबीच्या एका साडीतून ९८ इंची दोन तुकडे निघतात आणि एक थर पुरा होतो.

गोधडीची कड झाकणाऱ्या काठाच्या पट्टीला घेर ३०० इंच, वर कोपऱ्यांसाठी आणि शेवटच्या जोडासाठी १२. २.५ इंच रुंदीच्या ८ पट्ट्या तिरक्या जोडल्या की पुरतात, कापड ६० सेंटिमीटर. पट्टी सरळ धाग्यातच कापा. उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यात कापलेली पट्टी फक्त कोपरे गोल असतील तेव्हा लागते. सरळ कडेला उरेब लावली तर ती ताणली जाते आणि काठ लाटांसारखा दिसतो.

नक्षी

सगळ्यांत जास्त बिघडते ते इथे. मैत्रिणीची प्रत्येक आठवण एकाच गोधडीत कोंबायचा मोह होतो: नाव, लग्नाची तारीख, आवडते फूल, फोटोची छपाई, मुलांची नावे. इतक्या गोष्टी शेजारी-शेजारी आल्या की एकही दिसत नाही. साधारण पाचातला एक चौकोन बोलका ठेवा आणि बाकीचे शांत. शांत म्हणजे एकरंगी किंवा बारीक ठिपक्या-रेघांचे कापड. सगळे चौकोन जमिनीवर मांडा, फोनवर फोटो घ्या आणि तो काळा-पांढरा करून बघा. डोळ्याला रंग फसवतात, उजेड-अंधार फसवत नाही. फोटोत सगळे गडद चौकोन एका कोपऱ्यात गोळा झालेले दिसले तर मांडणी बदला. पलंगावर उशीखाली वरचे १२ ते १५ इंच झाकले जातात, त्या पट्ट्यात मोलाचे काही ठेवू नका.

नाव भरायचे तर देवनागरीचे काही नियम वेगळे आहेत. दोऱ्याने भरताना अक्षराची उंची पाऊण इंचाच्या खाली नेऊ नका, जोडाक्षर असेल तर एक इंच. त्याहून लहान घेतले की 'क्ष', 'ज्ञ', 'श्र' यांच्या गाठी बंद होतात. आधी अक्षरांचे दंड आणि गोलाई भरा, वेलांट्या आणि मात्रा नंतर, शिरोरेषा सर्वांत शेवटी एका सलग ओळीत. अक्षरागणिक तुटक शिरोरेषा भरली तर ती कधीच एका रेषेत येत नाही. ओळीच्या खाली उकारासाठी आणि वर रफारासाठी जागा धरून मगच नावाची जागा आखा. टाका उलटी टीप किंवा दांडी टाका, दोरा दोन पदरी.

कापडी अक्षरे चिकटवून शिवायची असतील तर उंची किमान ३ इंच. इस्त्रीने चिकटणाऱ्या जाळीच्या कागदावर अक्षरे उलटी, आरशातल्यासारखी काढावी लागतात. इथे शिरोरेषेचा मोठा फायदा मिळतो, कारण पूर्ण शब्द एकसंध कापता येतो आणि अक्षरांमधले अंतर आपोआप टिकते. अनुस्वाराचा ठिपका मात्र कापडातून कापू नका, तो धुण्यात सुटतो. तो दोऱ्याने भरा.

सगळ्या मैत्रिणींच्या सह्या घ्यायच्या असतील तर कापडावर लिहायचे पक्क्या शाईचे पेन वापरा. कापडाखाली बारीक पॉलिश पेपर ठेवला की कापड सरकत नाही आणि अक्षर नैसर्गिक येते. चौकोनाच्या कडेपासून एक इंच सोडून लिहायला सांगा, नाहीतर सही शिवणीत जाते. दिवसभर वाळवून उलट बाजूने कोरडी गरम इस्त्री फिरवा. ज्या सह्या खरोखर टिकायला हव्यात त्यांच्यावरून दोऱ्याची उलटी टीप घाला.

जोडणी

पाव इंच माया सगळीकडे सारखी येणे हीच जोडणीतली अर्धी विद्या. तपासायची सोपी रीत: २.५ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी जोडा, इस्त्री करा, मधली पट्टी मोजा. बरोबर २ इंच भरली पाहिजे. माया अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त गेली तर प्रत्येक चौकोन एक सूत लहान होतो. १४ चौकोनांत पावणेदोन इंच गेले, आणि मग किनार बसत नाही. मशीनच्या पट्टीवर सुईपासून बरोबर पाव इंचावर रंगीत चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला लावून चालवा.

जोडणीला ११ नंबरची सुई, सुती दोरा, इंचाला १० टाके. एका ओळीतल्या शिवणी सगळ्या डावीकडे दाबा, पुढच्या ओळीतल्या उजवीकडे. ओळी जोडताना त्या एकमेकींत अडकतात आणि कोपरे जुळतात. इस्त्री ठेवून उचला, फरफटवू नका. फरफटवली की चौकोन तिरके होतात. पातळ साडीच्या तुकड्यांना कापण्याआधी हलकी खळ द्या, कापणे आणि जोडणे दोन्ही सोपे होते.

थर आणि चुण्या

तुमचा मुख्य प्रश्न. मशीनचे दाते खालचे कापड पुढे ओढतात आणि फूट, म्हणजे सुईजवळचा कापड दाबणारा भाग, वरच्या कापडाला दाबून मागे धरतो. त्यामुळे तीन थर एका वेगाने सरकत नाहीत. थर तात्पुरते धरून ठेवणारा कच्चा दोरा विरळ असेल तर हा फरक साठत जातो आणि जिथे दोन टिपा छेदतात तिथे चुणी होऊन बसते. म्हणजे चुणी शिवताना दिसते, पण ती थर लावतानाच तयार झालेली असते.

फरशी स्वच्छ पुसा. अस्तर उलट बाजू वर करून पसरा आणि चारी कडा रुंद चिकटपट्टीने फरशीला चिकटवा. आधी समोरासमोरच्या बाजूंचे मध्य, मग कोपरे. अस्तर सपाट आणि हलके ताणलेले हवे. रबरासारखे ओढले तर पट्टी काढल्यावर ते आकसेल. त्यावर शीट किंवा साडीचा थर, हाताने मधून बाहेर सुरकुत्या काढत. त्यावर वरची बाजू सुलट. हे काम चालू असताना पंखा आणि कूलर बंद ठेवा. पातळ थर वाऱ्याने सरकतात, आणि कूलरचे तुषार पक्क्या न झालेल्या रंगावर डाग पाडतात.

आता कच्चा दोरा: मधून सुरुवात, बाहेरपर्यंत, उभ्या-आडव्या ओळी एक वीत नव्हे तर चार बोटांच्या अंतरावर, टाके दीड-दोन इंचांचे. दोरा पांढरा, कारण गडद दोरा उसवल्यावर खुणा सोडतो. सेफ्टी पिना लावायच्या तर याच हिशेबाने तीनशेच्या वर लागतात. म्हणून एवढ्या मापाला कच्चा दोराच बरा. उलटून अस्तर बघा. इथे चुणी दिसली तर उसवा आणि परत लावा. पुढे ती आपोआप निघेल ही आशा धरू नका.

मशीनवर टीप मारायची असेल तर तिन्ही थर सारखे पुढे नेणारा वॉकिंग फूट तुमच्या मशीनला बसतो का ते दुरुस्तीवाल्याला विचारा. बसत नसेल तर फुटाचा दाब वरच्या स्क्रूने कमी करा, सुई १४ नंबरची, इंचाला ८ टाके. पहिली टीप मधली उभी, मग मधली आडवी, मग मध्यापासून बाहेर. सगळ्या उभ्या टिपा एकाच दिशेने, वरून खाली. एक वरून, एक खालून अशी चालवली तर दोन टिपांमधले कापड पिळले जाते आणि तिरक्या सुरकुत्या येतात. गोधडीचे वजन मशीनच्या डावीकडे टेबलावर उचलून ठेवा. ते खाली लोंबले की सुईवर ओढ येते, टाके लहान होतात आणि सुई मोडते.

हाताच्या धावदोऱ्यात चुण्या फार कमी पडतात, कारण सुई तिन्ही थरांतून एकदम जाते आणि प्रत्येक ओळीनंतर हात फिरवून कापड सपाट करता येते. वेळ असेल तर मी हाच मार्ग सुचवेन. ६० बाय ९० ला एका इंचावर उभ्या ओळी घातल्या तर ६० ओळी, दोरा सुमारे १८० मीटर. भरतकामाच्या ८ मीटरच्या सहा पदरी लडीतून तीन पदर वापरले तर एका लडीचे १६ मीटर होतात, म्हणून १२ लड्या. आत साडीचा थर किंवा शीट असेल तर दोन इंच अंतर पुरते आणि लड्या निम्म्या. दोरा हातभरच घ्या, लांब दोरा पिळतो आणि तुटतो. गाठ वर ठेवू नका. सुई बाजूच्या कापडातून घालून हलका झटका दिला की गाठ थरांत जाते. इंचाला चार-पाच टाके पुरेत, ते एकसारखे असणे महत्त्वाचे. दाभण वापरू नका, त्याची भोके जुन्या कापडात वाढतात. आखूड, जाडसर सुई आणि मधल्या बोटाला अंगुस्तान घ्या. मे महिन्यात घामेजल्या बोटांतून सुई घसरते आणि फिक्या कापडावर डाग पडतात, म्हणून हाताचे टाके दसऱ्यानंतर काढा.

काठाची पट्टी उभी दुमडून सव्वा इंच करा, सुलट बाजूला कडेला कड लावून पाव इंचावर शिवा. कोपऱ्याच्या पाव इंच अलीकडे थांबा, पट्टी वर तिरकी मोडा, परत खाली आणा आणि कडेपासून नवी टीप सुरू करा. थांबायचे राहिले तर कोपऱ्याची घडी बसतच नाही. मग पट्टी मागे वळवून हाताने तुरपा.

तुमच्या तीन गोधड्या

बाळाची आधी, कारण ती लहान आहे आणि हात बसतो. दुपट्याचे माप ३६ बाय ३६, ६ इंचांचे ३६ चौकोन, आत जुन्या मलमली साडीचा एक थर, बाकी काही नाही. मणी, बटणे, टिकल्या, सुटी लेस पूर्ण वर्ज्य. टाके अर्ध्या इंचाहून लांब नकोत, बाळाची बोटे त्यात अडकतात. काठाला घेर १४४, पट्ट्या ४ जेमतेम होतात, ५ कापा. बाळाचे नाव बारशाआधी कळणार नाही, म्हणून एक चौकोन कोरा ठेवा. नाव वेगळ्या कापडावर भरून, कडा मोडून, नंतर त्या चौकोनावर तुरपता येते. मैत्रिणीला हेही सांगा की वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत मोकळे पांघरूण घालायचे नसते. हे दुपटे जमिनीवर अंथरून बाळाला खेळवायला आहे.

टी-शर्टची गोधडी बांधणीने वेगळी. होजिअरीचे कापड ताणते, म्हणून प्रत्येक तुकड्याला मागून इस्त्रीने चिकटणारे पातळ पेस्टिंग लावा, शिंप्याच्या सामानाच्या दुकानात मिळते. क्रम महत्त्वाचा. आधी टी-शर्ट ढोबळ १६ इंच कापा, पेस्टिंग चिकटवा, गार होऊ द्या, मगच १४.५ चा चौकोन काढा. आधी मापात कापून मग चिकटवले तर चौकोन वाकडा होतो. छापील भागावर इस्त्री थेट ठेवू नका, छपाई वितळून इस्त्रीला चिकटते. उलट बाजूने करा किंवा मध्ये सुती कापड ठेवा. १२ चौकोन, ३ आडवे ४ उभे, मध्ये आणि भोवती २ इंचांच्या पट्ट्या: तयार माप ५० बाय ६६. पट्ट्यांना एक मीटर सुती कापड, पेस्टिंग अडीच मीटर. आत काही घालू नका. टी-शर्ट, पेस्टिंग आणि अस्तर मिळून ती पुरेशी जड होते. सुई १४ नंबरची, होजिअरीसाठीची बोथट टोकाची. साधी सुई धागे तोडते आणि काही दिवसांनी टिपेशेजारी बारीक भोके उघडतात.

आईच्या साड्यांना सर्वांत जास्त वेळ द्या. कात्री लावण्याआधी मैत्रिणीसोबत बसून प्रत्येक साडीबद्दल विचारा: ही कापायची का? कोणता भाग अखंड हवा? आणि एक गोष्ट आवर्जून सांगा, धुतल्यावर आईच्या साडीचा वास जाईल. पुष्कळांना हे आधी सुचत नाही आणि नंतर फार लागते. तिला हवा असेल तर एक तुकडा न धुता तिच्याकडेच राहू द्या.

मग साड्यांचे तीन ढीग करा. सुती साड्या थेट चौकोनांना. नायलॉन आणि जॉर्जेटचे चौकोन सुळसुळतात, म्हणून त्यांना मागून त्याच मापाची धुतलेली मलमल लावून कडेला एका सुतावर टीप मारा आणि दोन्ही मिळून एक चौकोन समजा. त्यांच्यावर इस्त्री कोमटच ठेवा. रेशमी साड्या, विशेषतः नागपूर-भंडाऱ्याकडची करवत काठीची टसर, मशीनमध्ये धुतल्या जाणाऱ्या गोधडीत मिसळू नका. सुती भाग वारंवार धुवावा लागेल आणि टसर त्यात विरेल. त्यांचा वेगळा पलंगपोस करा, ड्रायक्लीनिंगचा, किंवा साडी अखंड ठेवा.

सुती साडीचा एक चांगला पदर मध्यभागी ठेवा: तयार माप ४२ बाय २४, कापायचे ४२.५ बाय २४.५. साडीच्या पन्न्यात हे बसते. तो ७ बाय ४ म्हणजे २८ चौकोनांची जागा घेतो, मग उरतात ९८. पदराच्या डावी-उजवीकडे एकेक चौकोन, वर-खाली पाच-पाच ओळी. साडीचे काठ ३ इंचांच्या बाहेरच्या किनारीला वापरा. काठाच्या शेजारचे अर्धा इंच अंग सोबत कापा, म्हणजे टीप काठावर न जाता मऊ कापडात जाते. जरीचा काठ मात्र सोडून द्या, धातूचा धागा दोरा कापतो. पदरावर मशीनची टीप नको, फक्त हाताचा धावदोरा, त्याच्याच नक्षीच्या कडेने.

प्रत्येक गोधडीच्या मागे, थर लावण्याआधी, अस्तराच्या कोपऱ्यावर एक कापडी पट्टी शिवा: कुणासाठी, कुणी, साल, आणि 'थंड पाणी, सौम्य साबण, सावलीत उलटी वाळवा'. नागपूरचे ऊन गडद रंग एका उन्हाळ्यात फिके करते, आणि ओली गोधडी एका दोरीवर टांगली की मधोमध ताणते. दोन दोऱ्यांवर पसरून वाळवायला सांगा. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली तर बुरशी धरते. जुन्या सुती साडीत गुंडाळून, आत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालून ठेवावी.

वेळेचा अंदाज: गणपती उठले की कापड धुणे आणि रंगाची परीक्षा, नवरात्रापर्यंत दुपटे पूर्ण, दिवाळीआधी टी-शर्टची, आणि तिसरीचे हाताचे टाके दिवाळीनंतर. देताना प्रत्येक गोधडीसोबत तिच्याच कापडाचे चार-पाच तुकडे आणि उरलेली लडी पिशवीत घालून द्या. पुढे कुठे फाटली तर ठिगळ त्याच रंगाचे आणि तितकेच धुतलेले लागेल, म्हणून गोधडी धुताना ती पिशवीही अधूनमधून धुवायला सांगा.